शेवाळाची काढणी आणि शेवग्याचे बी

वैशाख लागला की अंजनगाव सुर्जी तालुक्यातील पुष्कळ शेततळ्यांचे पाणी रंग बदलू लागते. श्रावणात गढूळ व पौषात निवळ असलेले हे पाणी कडक उन्हात प्रथम पोपटी व नंतर गर्द हिरवे होते. पंपाच्या जाळीवर बुळबुळीत थर चढतो, ठिबक संचाचे ड्रीपर बुजू लागतात आणि केळीच्या व संत्र्याच्या बागेला पाणी कमी पडते. बागाईतदार या हिरवेपणास 'घाण' म्हणतो. तथापि हीच घाण दुसरीकडे मुद्दाम टाक्या बांधून पिकविली जाते, वाळवून विकली जाते व पशुखाद्यापासून औषधांपर्यंत अनेक कामी लावली जाते. तेव्हा आपल्या दारी न पेरता उगवलेल्या या पिकाचे काही करता येईल काय, असा प्रश्न उत्साही शेतकऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर शेवाळ वाढविण्यात नसून ते पाण्यातून बाहेर काढण्यात आहे. सूक्ष्म शेवाळ पिकविणे फारसे अवघड नाही, त्याची काढणी अवघड आहे. या काढणीसाठी शेवग्याच्या व निवळीच्या बियांचा उपयोग होऊ शकतो. हा उपयोग कितपत, कोठे आणि कोणत्या मर्यादेत करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिरव्या पाण्यात काय असते?

तळ्याच्या कडेला किंवा दगडावर जे लांब तंतूंचे शेवाळ दिसते, ते हाताने किंवा दाताळ्याने ओढून काढता येते. सबंध पाणीच हिरवे दिसते तेव्हा मात्र त्यात डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शेवाळ असते. क्लोरेला हे त्याचे परिचित उदाहरण होय. त्याची एक पेशी साधारणतः २ ते १० मायक्रॉन व्यासाची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यावरून साध्या धोतराच्या किंवा मांजरपाटाच्या कापडातून ही पेशी सहज निसटून का जाते, हे ध्यानी येईल.

हे शेवाळ उघड्या टाकीत चांगले वाढले तरी एक लिटर पाण्यात त्याचे कोरडे वजन अर्धा ते एक ग्रॅमच भरते. म्हणजे एक किलो कोरडे शेवाळ मिळविण्यासाठी १,००० ते २,००० लिटर पाणी वेगळे करावे लागते. ज्वारीचे पीक उभे असते आणि विळा चालविला की कणीस हाती येते. येथे पीक पाण्याच्या प्रत्येक थेंबात विखुरलेले असते. म्हणूनच शेवाळाच्या एकूण उत्पादनखर्चापैकी २० ते ३० टक्के खर्च केवळ काढणीवर होतो, असा अंदाज या क्षेत्रातील अभ्यासक देत आले आहेत. मोठ्या कारखान्यांत दुधातील साय वेगळी करणाऱ्या यंत्रासारखी वेगाने फिरणारी यंत्रे वापरतात. त्यांची किंमत व विजेचा खर्च लहान शेतकऱ्यास परवडणारा नाही.

शेवाळ तळाशी का बसत नाही?

गढूळ पाणी रात्रभर घागरीत ठेवले तर जाड माती तळाशी बसते. मग हिरवे पाणी तसेच ठेवल्यास शेवाळ का बसत नाही? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, ही पेशी पाण्यापेक्षा किंचितच जड असते व आकाराने अत्यंत लहान असते. लहान कण किती वेगाने बसेल, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. ५ मायक्रॉनच्या पेशीचा हिशेब केला तर ती अगदी स्तब्ध पाण्यातही दिवसाला सहा सेंटिमीटरच्या आसपासच खाली उतरते. एक मीटर खोलीच्या टाकीत तळ गाठण्यास तिला पंधरवड्याहून अधिक काळ लागेल आणि तेवढ्या अवधीत नवीन पेशी तयार झालेल्या असतील.

दुसरे कारण विद्युत्भाराचे आहे. शेवाळाच्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. सारख्या भाराच्या वस्तू एकमेकींना दूर लोटतात. त्यामुळे दोन पेशी जवळ आल्या तरी एकमेकींस चिकटत नाहीत. त्यांचे पुंजके झाले असते तर ते भराभर बसले असते, कारण अर्ध्या मिलिमीटरचा सैल पुंजका एका पेशीपेक्षा हजारो पट वेगाने खाली येतो. यावरून काढणीची युक्ती कोणती हे उघड होते. पेशी एकेक करून पकडावयाच्या नाहीत. त्यांचे परस्परांतील वैर मोडून त्यांचे पुंजके करावयाचे आणि पुढील काम गुरुत्वाकर्षणावर सोपवावयाचे.

हे काम तुरटी उत्तम रीतीने करते. परंतु तुरटीतील ॲल्युमिनियम शेवाळाबरोबरच साक्यात उतरते. असे शेवाळ जनावरांस खाऊ घालणे योग्य नव्हे आणि खत म्हणून शेतात सतत टाकणेही इष्ट नाही. याशिवाय तुरटीने पाण्याचा सामू खाली जातो व तेच पाणी पुन्हा शेवाळ वाढविण्यास वापरताना अडचण येते. म्हणून कुजून मातीत मिळून जाणाऱ्या वनस्पतिजन्य पदार्थांकडे संशोधकांचे लक्ष गेले.

निवळीची जुनी रीत

आपल्याकडे ही कल्पना नवीन नाही. मराठीत 'निवळी' हे झाडाचे नावच त्याच्या गुणावरून पडले आहे. मध्य व दक्षिण भारताच्या कोरड्या पानझडी जंगलांत हे झाड आढळते. मातीच्या घागरीच्या आतील बाजूस निवळीचे बी घासावयाचे व मग तीत गढूळ पाणी भरून ठेवावयाचे, ही रीत आपल्या देशात फार प्राचीन काळापासून चालत आली आहे. सुश्रुतसंहितेत पाणी निवळविणाऱ्या पदार्थांची जी गणना आहे, तीत 'कतक' म्हणजे निवळी हिचा समावेश आहे.

पुढे या रीतीची शास्त्रीय तपासणीही झाली. नागपूर येथे १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. हीच संस्था १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे 'नीरी', या नावाने ओळखली जाते. निवळीच्या बियांवर आपल्या देशात १९६० च्या दशकाच्या आरंभी जे प्रयोग झाले, त्यांत बियांचा अर्क एकटा व तुरटीच्या जोडीने, अशा दोन्ही प्रकारे तपासण्यात आला.

शेवग्याची हकीकत आफ्रिकेतून पुढे आली. सुदान देशात नाईल नदीला पूर आला की पाणी अत्यंत गढूळ होते. तेथील ग्रामीण स्त्रिया शेवग्याच्या बियांची पूड घालून ते निवळवीत असत. सामिया अल अझारिया यान या जर्मन संशोधिकेने १९७० च्या दशकात ही पद्धत तपासून जगापुढे मांडली. गंमत अशी की, शेवगा हे झाड मूळचे भारताचे आहे. आपण त्याच्या शेंगा आमटीत घातल्या, पाल्याची भाजी केली, पण बियांच्या या गुणाकडे मात्र फारसे पाहिले नाही.

गढूळ पाण्यावरून हिरव्या पाण्याकडे जाणे ही पुढची पायरी होती. २०१२ साली ब्राझीलमधील संशोधकांनी क्लोरेला शेवाळावर शेवग्याच्या बियांचे पीठ वापरून पाहिले. लिटरमागे एक ग्रॅम पीठ घातले असता सुमारे नव्वद टक्के शेवाळ तळाशी बसल्याचे त्यांना आढळले. त्यानंतर इतर देशांतही असे प्रयोग झाले असून शेवाळाची जात, पाण्याचा सामू व अर्क काढण्याची पद्धत यांप्रमाणे मात्रा बरीच बदलते, असे दिसून आले आहे.

बी हे काम कसे करते?

शेवग्याच्या बियांत पाण्यात विरघळणारी लहान आकाराची प्रथिने असतात व त्यांच्यावर धन भार असतो. ती ऋण भाराच्या पेशींवर जागोजागी चिकटतात. एका पेशीवरील धन भाराचे ठिगळ शेजारच्या पेशीच्या ऋण भाराच्या जागेस ओढून घेते आणि अशा रीतीने पुंजका वाढत जातो.

निवळीच्या बियांचे काम थोडे निराळे आहे. त्यांतील लांब साखळीच्या शर्करा दोन कणांमध्ये पुलासारख्या अडकून त्यांस बांधतात. परंतु हा अर्क स्वतः ऋण भाराचा असल्यामुळे चुना किंवा तुरटीसारख्या पदार्थाच्या जोडीने तो अधिक उपयोगी पडतो. चिंचोके व गवारीचा डिंक यांतही अशाच लांब शर्करा असतात आणि त्यांवरही प्रयोग झालेले आहेत. केवळ शेवाळाचा विचार करता शेवगा हाच शेतकऱ्यास सर्वांत सोईचा होय.

अंजनगाव परिसरात तर तो परका नाही. येथील पानमळे व पानपिंपरी प्रसिद्ध आहेत. पानवेलीस आधार व सावली देण्यासाठी शेवरी, हादगा, पांगारा यांच्याबरोबर शेवगा लावण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. मळ्यातील आधाराच्या झाडांची छाटणी होत असल्याने त्यांवर पक्व शेंगा फारशा राहत नाहीत. बियांकरिता बांधावरची किंवा विहिरीजवळची दोन-चार झाडे राखून ठेवावीत. पी.के.एम.-१ किंवा कोकण रुचिरा या सुधारित जाती लावलेल्या असल्यास त्यांचे बीही चालते.

पाच बरण्यांची परीक्षा

प्रत्येक तळ्याचे पाणी निराळे असते. म्हणून पुस्तकातील मात्रा जशीच्या तशी न घेता घरीच परीक्षा करावी. तिला लागणारे साहित्य कोणत्याही घरात सापडेल.

बी नेहमी झाडावरच वाळलेल्या, तपकिरी झालेल्या शेंगांचे घ्यावे. हिरव्या शेंगांतील कोवळ्या बियांत हा गुण नसतो. बियांचे पंख व टरफल काढून आतील पांढरा गर घ्यावा. काळा पडलेला किंवा बुरशी आलेला गर टाकून द्यावा. गर खलबत्त्यात कुटून बारीक चाळणीने चाळावा. १० ग्रॅम पूड १ लिटर स्वच्छ पाण्यात घालून दहा मिनिटे चांगली ढवळावी व स्वच्छ कापडातून गाळून घ्यावी. जे दुधाळ पाणी मिळेल तोच अर्क होय. त्याच्या १० मिलिलिटरमध्ये ०.१ ग्रॅम पुडीचे सत्त्व आले असे समजावे. हा अर्क लवकर आंबतो, म्हणून रोज ताजा करावा.

आता दीड लिटर मावेल अशा काचेच्या किंवा स्वच्छ प्लॅस्टिकच्या पाच बरण्या घेऊन प्रत्येकीत १ लिटर हिरवे पाणी भरावे. पहिलीत काहीच घालू नये. दुसरीत १०, तिसरीत २०, चौथीत ५० व पाचवीत १०० मिलिलिटर अर्क घालावा. अर्क घालताच एक-दोन मिनिटे जोराने ढवळावे. नंतर दहा ते पंधरा मिनिटे अगदी सावकाश ढवळत राहावे. जोराने ढवळणे अर्क सर्वत्र पोचविण्यासाठी असते व सावकाश ढवळणे पुंजके जुळण्यासाठी असते. दुसऱ्या वेळी घाई केल्यास जुळलेले पुंजके मोडतात. त्यानंतर बरण्या दोन तास हलवू नयेत.

दोन तासांनी प्रत्येक बरणीमागे छापील कागद धरावा. ज्या बरणीतून अक्षरे स्पष्ट वाचता येतील व जिच्यात अर्क सर्वांत कमी असेल, तीच त्या पाण्याची मात्रा होय. अधिक अर्क म्हणजे अधिक निवळ, असे समजू नये. मात्रा फार झाल्यास सर्व पेशींवर धन भार चढतो, त्या पुन्हा एकमेकींना दूर लोटू लागतात व पाणी दुधाळ-हिरवे राहते. पहिली बरणी वगळू नये. तिच्याशी तुलना केल्यावाचून बियांनी काम केले की शेवाळ आपोआप बसले, हे कळणार नाही.

मिठाच्या पाण्यात अर्क काढल्यास प्रथिने अधिक प्रमाणात उतरतात, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मातीमिश्रित पाण्यावर आढळले. परंतु त्यासाठी लिटरमागे सुमारे ५८ ग्रॅम मीठ घालावे लागते. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याने ही युक्ती वापरू नये. ज्या मातीस क्षारांचा आधीच त्रास आहे, तीत आणखी मीठ नेण्यात शहाणपण नाही.

हिशेब करूनच पाऊल टाकावे

परीक्षा यशस्वी झाली की सबंध शेततळेच निवळवून टाकावे, असा मोह होईल. येथे हिशेब करणे आवश्यक आहे.

'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली सुरू झाल्यापासून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल हे शेततळ्याचे माप सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. उताराच्या बाजू वजा जाता अशा तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. लिटरमागे केवळ ०.१ ग्रॅम पूड धरली तरी २२० किलो गर लागेल. एका शेवग्याच्या झाडापासून वर्षाला २०० शेंगा, शेंगेत १५ बिया व एका बीचे वजन ०.३ ग्रॅम धरले, तर ९०० ग्रॅम बी व त्यातून सहाशे-साडेसहाशे ग्रॅम गर मिळतो. म्हणजे एका तळ्याकरिता साडेतीनशे झाडांचे वर्षाचे बी खर्ची पडेल. शिवाय एवढा सेंद्रिय पदार्थ तळ्यात पडून कुजला की पाण्यास दुर्गंधी येईल आणि त्यातून सुटलेले नत्र पुढील शेवाळाचेच खत होईल.

ठिबकच्या पाण्याचेही असेच आहे. एक एकर केळीस उन्हाळ्यात दिवसाला ३०,००० लिटर पाणी लागते असे धरल्यास रोज ३ किलो गर लागेल. पाच झाडांचे वर्षाचे बी एका दिवसात संपेल. यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. सबंध शेततळे निवळविणे व ठिबकचे पाणी शुद्ध करणे हे शेवग्याच्या बियांचे काम नव्हे. त्यासाठी वाळूची गाळणी वेळच्या वेळी उलट प्रवाहाने धुणे, तळ्यावर सावलीची जाळी टाकणे आणि खतमिश्रित पाणी तळ्यात येऊ न देणे हेच उपाय योग्य होत.

बियांचे खरे स्थान लहान टाकीत आहे. समजा, ५ मीटर लांब व २ मीटर रुंद टाकीत २० सेंटिमीटर पाणी ठेवून शेवाळ वाढविले. हे पाणी २,००० लिटर होते व त्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम धरता १ किलो कोरडे शेवाळ असते. बरणीच्या परीक्षेत ०.२ ग्रॅमची मात्रा पुरेशी ठरली, तर ४०० ग्रॅम गर लागेल. मात्रा लिटरमागे १ ग्रॅम लागली, तर २ किलो गर खर्चून १ किलो शेवाळ मिळेल, व हा व्यवहार तोट्याचा आहे हे सांगावयास नको. पाच बरण्यांची परीक्षा एवढ्याचसाठी आधी करावयाची. टाकी बांधण्यापूर्वी तोटा बरणीतच दिसलेला बरा.

खर्च कमी करण्याचा एक मार्ग उपलब्ध आहे. शेवग्याच्या गरात ३० ते ४० टक्के तेल असते. पाणी निवळविणारी प्रथिने तेलाबरोबर जात नाहीत, ती पेंडीत राहतात. म्हणून थंड घाण्यावर तेल काढून घ्यावे व उरलेली पेंड या कामी वापरावी. तेलाचे मोल वेगळे मिळाले की शेवाळकाढणीवर पडणारा बियांचा भार हलका होतो. जेथे शेवग्याचे तेल काढणारा घाणा जवळ आहे, तेथेच हा उद्योग किफायतशीर होण्याचा संभव अधिक, असे म्हणावयास हरकत नाही.

साक्याचे काय करावे?

शेवाळ तळाशी बसल्यावर वरचे निवळ पाणी नळीने अलगद काढून घ्यावे. २,००० लिटर पाण्यातून साधारणतः ३० ते ४० लिटर दाट हिरवा साका उरेल. पुंजके झाल्यामुळे आता तो मांजरपाटातून गाळता येतो. गाळलेला साका पातळ पसरून कडक उन्हात वाळवावा. ओला ठेवल्यास तो एका दिवसात सडू लागतो.

सर्वांत निर्धोक उपयोग म्हणजे खत. कोरड्या शेवाळात ७ ते ८ टक्के नत्र असते. म्हणजे १ किलो शेवाळात जितके नत्र आहे, तितके सुमारे १७० ग्रॅम युरियात मिळते. केवळ नत्रासाठी शेवाळ पिकविणे परवडणार नाही, हे यावरून दिसते. तथापि गोठ्याचे धुवण किंवा अन्य सांडपाणी शुद्ध करताना जे शेवाळ आपोआप वाढते, ते बियांनी बसवून खतात घातल्यास वाया जाणारे नत्र शेतात परत येते व नाल्यात जाणारे पाणी स्वच्छ होते. येथे शेवाळ हे मुख्य पीक नसून जोडफळ आहे आणि याच ठिकाणी हा उपाय शोभतो.

शेततळ्यात आपोआप आलेले शेवाळ जनावरांस किंवा कोंबड्यांस कदापि खाऊ घालू नये. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरव्या रंगाची जी साय येते, तिच्यातील काही जाती विषारी असतात. खाद्यासाठी शेवाळ करावयाचे असल्यास शुद्ध बेणे आणून, स्वच्छ पाण्यात, वेगळ्या टाकीतच करावे लागते.

स्पिरुलिना या खाद्य शेवाळाविषयी अनेक जण विचारणा करतात. त्यास बियांची आवश्यकता नाही. त्याचे तंतू लांब व मळसूत्राकार असल्याने ते बारीक विणीच्या जाळीदार कापडावर अडकतात. अल्कधर्मी व क्षारयुक्त पाणी त्यास मानवते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी सुमारे १० सामूचे आहे व या सरोवराच्या हिरवेपणात याच जातीच्या शेवाळाचा मोठा वाटा असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

निवळ म्हणजे गोडे नव्हे

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अंजनगाव सुर्जी तालुक्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, तर दक्षिणेकडे उतरत गेल्यावर पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत मिळून हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. येथील विहिरीचे पाणी पिकास सोसत नाही व माणसासही सोसत नाही. या पट्ट्यातील मूत्रपिंडाच्या विकारांविषयीची चिंता घरोघरी आहे. अशा प्रदेशात 'बियांनी पाणी शुद्ध होते' हे वाक्य अर्धवट ऐकले गेले, तर त्याचे परिणाम गंभीर होतील.

शेवग्याचे किंवा निवळीचे बी पाण्यात तरंगणारे कण खाली बसविते. माती, शेवाळ व त्यांना चिकटलेले पुष्कळसे जंतू साक्यात उतरतात. परंतु पाण्यात विरघळलेले मीठ हे तरंगणारे कण नव्हेत. ते पाण्याशी एकरूप झालेले असते व बी त्यास स्पर्शही करीत नाही. खाऱ्या विहिरीचे गढूळ पाणी बियांनी निवळविले, तर ते आरशासारखे स्वच्छ दिसेल, पण तितकेच खारे राहील. डोळ्यांस स्वच्छ दिसल्यामुळे ते अधिक निःशंकपणे प्यायले जाईल, हा उलट धोका आहे. तसेच निवळलेल्या पाण्यात काही जंतू शिल्लक राहतात व अर्कातील सेंद्रिय पदार्थांवर ते पुन्हा वाढतात. म्हणून अडचणीच्या प्रसंगी गोड्या पण गढूळ पाण्यासाठी ही रीत वापरली, तरी ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये व दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. विहिरीच्या पाण्यातील क्षार पाहण्याचा मार्ग प्रयोगशाळेतील परीक्षण हाच आहे.

आणखी दोन गोष्टींची दक्षता घ्यावी. निवळीचे बी जंगलातून किंवा बाजारातून आणताना ते ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावे. काजरा, म्हणजेच कुचला, हे निवळीच्याच कुळातील झाड असून त्याचे बी अत्यंत विषारी आहे. काजऱ्याचे बी चपटे, बटणासारखे व रेशमी लव असलेले असते, तर निवळीचे बी त्याहून लहान व गोलसर असते. जराही संशय आल्यास ते वापरू नये. दुसरे असे की, ज्या तळ्यात मासे सोडले आहेत, त्यात शेवग्याचा अर्क घालू नये. अधिक प्रमाणात तो माशांस अपायकारक ठरतो.

शेवाळाची काढणी बियांनी होऊ शकते, ही गोष्ट प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे. ती एखाद्या विशिष्ट शेतात परवडेल किंवा नाही, हे मात्र त्या शेतातील पाणी, बांधावरील शेवग्याची झाडे व जवळचा घाणा यांवर अवलंबून राहील. ज्यांच्याकडे गोठ्याचे धुवण साठविण्याची टाकी आहे, अशा शेतकरी बंधूंनी येत्या उन्हाळ्यात बांधावरच्या शेवग्याच्या काही शेंगा न तोडता झाडावरच वाळू द्याव्यात व पाच बरण्यांची परीक्षा करून पाहावी. प्रत्येक बरणीत किती अर्क घातला व किती वेळात पाणी निवळले, याची नोंद वहीत ठेवावी आणि ती आपल्या भागातील कृषी अधिकाऱ्यास दाखवावी. दहा गावांतील अशा दहा वह्या एकत्र आल्या, तर या तालुक्याच्या पाण्यास कोणती मात्रा लागू पडते, हे येथल्याच अनुभवावरून सांगता येईल.